बशीतली साखर

"मावशी, आमच्यात न सांगता कुणाचं दार वाजवत नाहीत," म्युनिकला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाचीनं मला बजावलं. सई चौदा वर्षांची. बालवाडीच्या वयात पुण्याहून तिकडे गेलेली. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल लाल म्हणून ती थांबते, मलाही दंडाला धरून थांबवते. झालं, गेली ही पोर तिकडची होऊन, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी सफरचंदाचा केक पाठवला. सईनं बशी धुतली, फोन करून "येऊ का?" विचारलं, आणि दारातून परत फिरून बशीत चमचाभर साखर घातली. मीही मागोमाग गेले. आजीबाई साखरेकडे बघतच राहिल्या. सई त्यांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय सांगितलंस गं?" मी जिन्यात विचारलं.

"आमच्यात रिकामी बशी परत देत नाहीत."

दोन्ही वेळचं 'आमच्यात' एकाच सुरातलं. माणूस एका वेळी एकाच ठिकाणचा असतो, असं मला उगाच वाटत आलेलं. यातलं तिचं खरं कुठलं, हे मी पायऱ्या चढताना ठरवत होते. ती केव्हाच वर पोहोचून माझ्यासाठी दार उघडं धरून उभी होती.