शेवटच्या रिळातली राणी

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. पदवीचा अजून पत्ता नव्हता, टोमणा मात्र आधीच तयार होता. शेजारच्या काकूंनी एकदा गुडघा पुढे करून विचारलं, "बघ गं, हा का ठणकतो?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तिला नका दाखवू. ती फक्त राण्यांची डॉक्टर. त्याही सिनेमातल्या."

डॉक्टरीणबाईंचा प्रबंध होता ऐतिहासिक सिनेमातल्या स्त्रियांवर. लग्नाआधी सुरू झालेला, लग्नानंतर रेंगाळलेला. इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून, कानात इयरफोन घालून तिने इतक्या लढाया पाहिल्या होत्या की सासरे जाता जाता "आज कोण जिंकलं?" एवढंच विचारत आणि उत्तराला थांबत नसत.

त्या लढायांतून तिला एक गोष्ट मात्र सापडली होती. युद्ध चालू असेपर्यंत राणी बोलते, गर्जते, तलवार उपसते. शेवटच्या रिळात तिचं तोंड बंद. ती खिडकीत उभी, केस वाऱ्यावर, आणि तिच्या वतीने प्रधान बोलतो, मुलगा बोलतो, कोणीच हाताशी नसेल तर निवेदक बोलतो. चौथं प्रकरण यावरच उभं होतं. एकही अपवाद नाही, असं तिने ठासून लिहिलं होतं.

पाहायचा राहिला होता एकच सिनेमा. जुना, काळापांढरा, एकच प्रत उरलेला. चित्रपट संग्रहालयाची परवानगी आली तीही नेमकी तिच्या मार्गदर्शक सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात.

"बघा, म्हणजे काय आहे की," सर फोनवर म्हणाले होते. त्यांचं प्रत्येक वाक्य याच दारातून आत येई. "उद्या प्रकरण आणा, मी सही करतो. परवापासून माझी सही म्हणजे नुसतं अक्षर. नवे मार्गदर्शक तुम्हाला पहिल्या पानापासून सुरुवात करायला लावतील."

"पण सर, यातली राणी बोलली तर?"

"बघा, म्हणजे काय आहे की, बोललीच, तर तो सिनेमा वगळा. कोण बघायला जातंय?"

घरीही तीच मुदत ठरली होती. उद्या सही झाली तर ठीक. नाही झाली, तर सोमवारपासून घरच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. सासऱ्यांनी एका मास्तरांचा चष्मा एका ड्रायव्हरला दिल्यापासून या बोलण्याला धार आली होती. उद्याच्या सहीला आणि सोमवारच्या दुकानाला, दोन्हींना ती हो म्हणून बसली होती.

संग्रहालयातली ती खोली म्हणजे एक खुर्ची, एक पडदा आणि भिंतीवर घंटेचं बटण. खिडकी नाही. कोणीतरी कधीतरी रीळ पळवलं होतं, तेव्हापासून सिनेमा चालू असताना दाराला बाहेरून कुलूप.

"घंटा दाबलीत की मी उघडणार," किल्लीवाले काका म्हणाले, "पण मग खेळ संपला. पुन्हा लावता येत नाही. प्रत अगदी जर्जर आहे, माझ्यासारखी."

कुलूप लागलं. दिवा गेला. पडद्यावर घोडे निघाले.

राजा जखमी होऊन तंबूत पडला, तेवढ्यात दारापलीकडे नवऱ्याचा आवाज आला.

"काका, झालं का?"

"घंटा वाजली नाही, म्हणजे अजून राजा मेला नसेल."

"कधी मरणार?"

"मला काय माहीत? मी कायम बाहेरच असतो."

दारावर टकटक झाली. "अगं, ऐकतेस का? बाबांनी पुन्हा घोळ घातलाय. ते मास्तर दुकानात येऊन बसलेत, उठायला तयार नाहीत. आईचा सारखा फोन येतोय. निघतेस का?"

"नाही," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"अगं, थोडंसंच राहिलं असेल ना!"

"तेच थोडं बघायला आलेय."

राजा गेला. किल्ला पडला. शत्रूचा दूत दरबारात आला आणि राणी खिडकीशी जाऊन उभी राहिली. केस उडू लागले. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. गप्प बस, बाई, ती मनात म्हणाली. आजच्या दिवस गप्प बस. तुझ्या तोंडून एक शब्द निघाला तर माझं काही खरं नाही. आणि हे म्हणताना सूर हुबेहूब सासूबाईंचा लागलाय, हे तिच्याच ध्यानात आलं.

प्रधान पुढे झाला. घसा खाकरला. डॉक्टरीणबाईंचा श्वास मोकळा झाला.

"प्रधानजी, थांबा," राणी वळून म्हणाली. "मला तोंड आहे."

आणि ती बोलू लागली. आधी जखमींना पाणी, शत्रूच्यासुद्धा. मग विहिरींवर पहारा. मग तह, आणि तहाला ती स्वतः बसणार. दूत उभा, ती बसलेली. बाई थांबेचना. डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं, अगदी मनापासून, आणि हसता हसताच चौथं प्रकरण आठवलं.

पडदा पांढरा झाला. दिवा लागला नाही. बटण हाताच्या अंतरावर होतं. ते दाबावंसं वाटत नव्हतं, आणि दुसरं दार नव्हतं. शेवटी तिने ते दाबलं.

"काय?" नवऱ्याने दारातच विचारलं. चौथं प्रकरण त्यालाही तोंडपाठ होतं. "गप्प ना?"

"बोलली."

"थोडंसं?"

"भरपूर."

त्याने काकांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "अगं, पण तू सांगितलंच नाहीस तर कोणाला कळणार आहे?"

"काय बोलली हो?" काकांनी मध्येच विचारलं. "मला कधी शेवट कळतच नाही."

तिने त्यांना सांगितलं. विहिरींसकट सगळं. 'प्रधानजी, थांबा' हे वाक्य तर दोनदा, दुसऱ्यांदा राणीच्या थाटात. काका दाद देत खुदखुदले. नवरा तिची पिशवी धरून उभा होता.

"म्हणजे उद्या सरांकडे नाही जायचं?"

"जाऊन काय दाखवू? एकही अपवाद नाही, हे?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. जिन्यावर तिनेच विचारलं, "सोमवारी दुकान किती वाजता उघडायचं?"

"नऊला. पण बाबा साडेआठलाच जाऊन बसतात."