पुढच्या वर्षाची उत्तरं

शमिका सप्रे संकटं येण्याआधी त्यांची निवेदनं लिहिते. जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत गाड्यांच्या सीटचे सांगाडे तयार होतात. तिथला संकटकाळातला संवाद हे तिचं काम. दर नोव्हेंबरात पुढच्या वर्षाचा आराखडा तिच्याकडून जातो. सर्व्हर हॅक झाला, वेल्डिंगच्या हॉलला आग लागली, वीज गेली आणि परत आलीच नाही, तर पहिल्या तासात कोणी बोलायचं, कोणाशी, आणि नेमकं काय. कोणी काय बोलायचं नाही, हा भाग जास्त लांब असतो.

पुण्याहून हिवाळ्यापुरत्या आलेल्या सासूबाई, कुंदाताई, शेजारच्या मराठी घरांत तिची ओळख करून देतात, "आमची सून आग लागायच्या आधीच भाषण लिहून ठेवते."

"आई, भाषण नाही. निवेदन."

"तेच गं. मग पाणी कोण मारतं?"

"ते दुसरं डिपार्टमेंट."

पंधरा वर्षांपूर्वी ती श्रीरंगबरोबर लग्न करून इथे आली. त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बातम्या कापायची. जर्मन तिने उशिरा आणि कष्टाने शिकून घेतली, त्यामुळे त्या भाषेत ती कधीच सहज बोलत नाही. प्रत्येक शब्द ठेवण्याआधी उचलून बघते. कंपनीला तिची नेमकी हीच सवय हवी होती.

या कामाचा पाया म्हणजे श्प्राखरेगेलुंग. एका प्रश्नावर एकच वाक्य ठरवायचं आणि संचालकापासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळ्यांनी ते शब्दशः म्हणायचं. वाक्य खोटं असता कामा नये, हा तिचा स्वतःचा नियम. तो आजवर मोडलेला नाही.

श्रीरंगचा धाकटा भाऊ यशोधन याच कंपनीत दुसऱ्या, म्हणजे दोन नंबरच्या, हॉलमध्ये इंजिनियर आहे. जागा रिकामी आहे हे त्याला तिनेच कळवलं होतं. त्याचं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, या नोकरीवर उभं आहे. मेमध्ये त्याचं लग्न ठरलंय आणि नंतर बायकोचा व्हिसाही याच नोकरीच्या भरवशावर व्हायचा आहे.

गेल्या नोव्हेंबरात विभागप्रमुख फ्राऊ रीडले यांनी शमिकाला एका छोट्या खोलीत बोलावलं. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला. दुसरा हॉल पुढच्या वर्षी बंद करून काम हंगेरीला हलवायचा बेत होता. औपचारिक निर्णय जानेवारीत व्हायचा होता, आणि कामगार समितीलाही तोपर्यंत काही कळणार नव्हतं. मोजक्या माणसांना माहीत होतं, त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती.

"तुमच्या घरातलं माणूस तिथे आहे, ते मला ठाऊक आहे," फ्राऊ रीडले म्हणाल्या. "म्हणूनच विचारते. जमेल ना?"

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. ऐकून झालं होतं.

शमिकाने सही केली आणि आराखड्यात या विषयाचं वाक्य बसवलं: दुसऱ्या हॉलबद्दल सध्या कोणताही निर्णय झालेला नाही, दरवर्षीप्रमाणे सर्व पर्यायांचा विचार सुरू आहे. शब्द न् शब्द खरा होता.

त्याच रविवारी यशोधन जेवायला आला तो खुशीत.

"वहिनी, बॉनच्या नोकरीचं लेटर आलं! गुरुवारपर्यंत कळवायचंय."

"अरे वा," श्रीरंग म्हणाला. "मग?"

"मग काय, पगार थोडा कमी आहे. आणि इथे माझी टीम बसलीये. लग्नाच्या तोंडावर उगाच हलायचं का? आल्झो, तर वहिनी, तूच सांग. आमच्या हॉलचं काही चाललंय का? कँटीनमध्ये लोक काहीबाही बोलतात."

"तिलाच विचार," कुंदाताई पोळी वाढत म्हणाल्या. "हिला सगळं आधी कळतं. स्वतःला डोहाळे लागल्याचं तेवढं मला मागून कळवलं होतं."

सगळे हसले. शमिकाकडे तीन माणसं बघत होती.

बॉनला जा म्हणाली असती, तर त्याने का ते विचारलं असतं. यशोधनच्या पोटात काही राहत नाही. सोमवारी दुपारपर्यंत हॉलभर झालं असतं, आणि बातमीची गळती शोधायला कोणाला फार लांब जावं लागलं नसतं. मला ठाऊक नाही हे खोटं होतं. गप्प बसणं तर सगळ्यात वाईट. गप्प बसलात तर लोक उत्तर स्वतः तयार करतात, हे ती मॅनेजर लोकांना दरवर्षी शिकवते.

"सध्या कोणताही निर्णय झालेला नाही," ती म्हणाली. "सगळ्या पर्यायांचा विचार दरवर्षीच चालू असतो."

हे वाक्य ती पहिल्यांदाच मराठीत म्हणत होती.

"म्हणजे ठीक आहे."

"मी म्हटलं तेवढंच, यशोधन."

"हो, हो. गेनाऊ, अगदी बरोबर. ऑफिशियल उत्तर मिळालं!" त्याने आमटी ओढून घेतली.

हॉलमधल्या एखाद्या जर्मन फोरमनने हे वाक्य ऐकलं असतं, तर त्याने त्याच दिवशी दुसरीकडे अर्ज टाकला असता. असं वाक्य कोण बनवतं आणि कधी बनवतं, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. पण यशोधन कंपनीचं निवेदन ऐकत नव्हता. ते वहिनीचं बोलणं होतं, आणि धोका असता तर वहिनीने सांगितलंच असतं.

"बॉन काही वाईट नाही," ती एवढंच पुढे म्हणाली. "बघ विचार करून."

"काहीतरीच," कुंदाताई म्हणाल्या. "इतक्या लांब गेल्यावर रविवारी जेवायला येणार कसा तो?"

यशोधन गेल्यावर भांडी विसळताना श्रीरंगने हळूच विचारलं, "काही आहे का गं?"

"विचारू नकोस."

तो हातातलं फडकं घेऊन उभा राहिला. "मग मी त्याला—"

"तू बोललास तरी मीच बोलले असं धरतील. आणि बरोबरच धरतील."

आता फ्राऊ रीडलेंच्या त्या छोट्या खोलीत अडकलेली माणसं दोन झाली होती.

गुरुवारी घरच्या ग्रुपवर यशोधनचा मेसेज आला: बॉनला नकार कळवला, इथेच राहतोय. वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. शमिकाने काही टाकलं नाही. थोड्या वेळाने कुंदाताईंनी लिहिलं, शमिका, वाचलंस ना? तेव्हा तिने जोडलेले हात टाकले.

जानेवारीत कर्मचाऱ्यांची सभा कँटीनमध्ये झाली. दुसरा हॉल बंद होत असल्याचं जाहीर करताना संचालकांनी तिने लिहिलेला मजकूर वाचला. त्यात 'तुमच्या चिंतेची आम्हाला पूर्ण जाणीव आहे' असं एक वाक्य होतं. ते तिने तीनदा बदललं होतं. सभेत भिंतीला टेकून लोकांची प्रतिक्रिया टिपणं हेही तिचंच काम. यशोधन पुढच्या बाकांवर हाताची घडी घालून बसला होता. तिने टिपणात लिहिलं: शांतता, प्रश्न कमी.

रविवारी तो आला. जॅकेट न काढताच बसला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

कामगार समितीशी बोलणी सुरू होती. कोणाला काय केव्हा कळलं, हा तिथे वादाचा मुद्दा होता आणि त्यावरही वाक्य ठरलेलं होतं. ते शमिकाचंच होतं.

"त्यावर मला बोलता येणार नाही," ती म्हणाली.

"अगं, तो काय बाहेरचा आहे?" कुंदाताईंचा आवाज चढला. "सख्खा दीर तुझा! एक शब्द सांगितला असतास तर आज बॉनला असता पोरगा."

"आई, राहू दे," यशोधन म्हणाला. "बॉनला मी परवाच फोन केला. जागा भरली."

श्रीरंगने भाताचं पातेलं पुढे सरकवलं. शमिकाने यशोधनच्या ताटात भात वाढला. पहिल्याच वाढीला त्याने ताटावर हात धरला.

"पुरे, वहिनी."