तळातल्या बायांचा नकार

देवावर माझा विश्वास होता. दगडाझाडांत आणि विहिरीतल्या आसरांत, म्हणजे पाण्यातल्या सात देवींत, काही असतं यावर मात्र नव्हता. निजामी अमलात तीर्थपुरीजवळच्या एका शाळेत मी मुदर्रिस, म्हणजे मास्तर होतो. चार किताबा वाचलेल्या माणसाला हसायला कुणीतरी लागतंच. मी आसरांना हसायचो.

त्या वैशाखात आमची चालती विहीर आटली. घरात प्यायलाही पाणी पुरेना, म्हणून वडिलांच्या काळापासून फळ्यांनी झाकलेली मळ्यातली जुनी विहीर उघडून तिचा गाळ काढायचं मी ठरवलं. धाकटा भाऊ किसन कमरेला दोर बांधून उतरणार, तेवढ्यात मेंढ्या घेऊन चाललेली एक धनगराची म्हातारी पाणी मागायला थांबली.

"बायांना इचारलं का, मास्तर?"

"कोणत्या बायांना?"

"तळातल्या. सात जणी हायेत. दिवा सोडून इचारावं लागतं."

मी हसलो. किसन म्हणाला, "दादा, इचारायला काय जातंय?"

बादलीत दिवा ठेवून खाली सोडला. निम्म्यावर विझला. मी म्हणालो, वाऱ्यानं असेल. दुसऱ्यांदाही तिथंच विझला. "उतर रे जल्दी," मी किसनला म्हणालो, तर म्हातारी सरळ दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली.

"बाया न्हाई म्हणून राह्यल्या. तुला घाई हाये, तर तू उतर."

मी बादली वर ओढून घेतली. मंग तिनं लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधायला लावला आणि बायांना वारा घालायला सांगितलं. दिवस कलेपर्यंत मी तो भारा खाली-वर ओढत होतो. थांबलो की ती म्हणायची, "अजून, मास्तर. रुसल्यात त्या." शेवटी दिवा तळाला टेकला तरी जळत राहिला, तेव्हा ती उठली.

किसन उतरला आणि चिखलानं माखून हसत वर आला. त्याच्या कमरेची गाठ सोडताना मला एकदम आठवलं, कोंडलेल्या हवेत दिवा विझतो आणि माणूसही गुदमरतो. हा धडा मी बारा वर्षं पोरांकडून पाठ करून घेत होतो. चुकेल त्याला उभं करत होतो.

मी म्हातारीपुढं वाकलो, तर ती मागं सरली. "माझ्या कशाला पाया पडतो? बायांच्या पड."

मी विहिरीच्या काठावर डोकं टेकलं. तळाशी हवा होती की सात बाया, हे मी आजवर ठरवलेलं नाही. माझी अक्कल ऐन वेळी कामी आली नाही आणि तरी माझा भाऊ वर आला. तेव्हापासून पाऊल टाकण्याआधी विचारतो, आणि नकार आला की मुकाट्यानं थांबतो.