पाच बाण आणि जनाबियाचे ससे

बहारीनला गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि दिवसभर मला काहीही काम नव्हतं. आमचे हे एका बँकेत अकाउंटंट. सकाळी सातला जायचे, दुपारी दोननंतर यायचे. अदलियात एका दुमजली घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला होता. खाली एक म्हातारा इंग्रज इंजिनियर एकटाच राहायचा. उन्हाळ्यात तो सुट्टीवर गेला की त्याच्या कुंड्यांना मी पाणी घालायचे, तेवढीच आमची ओळख. १९७९ संपता संपता तो नोकरी सोडून कायमचा मायदेशी निघाला. जाण्याच्या आदल्या दिवशी माणसाएवढी लांब एक लाकडी पेटी जिन्यावरून ओढत वर घेऊन आला आणि म्हणाला, "कुंड्या नेता येत नाहीत आणि हेही नेता येत नाही. दोन्ही तुम्हालाच, मॅडम."

पेटीत धनुष्य होतं. खरंखुरं, माझ्यापेक्षा उंच, मधाच्या रंगाच्या लाकडाचं. मुठीवरचं कातडं इतकं झिजलेलं की त्यावर त्याच्या बोटांचे खळगे पडले होते. सोबत पाच बाण, त्यांची पिसं कसरीने खाल्लेली, आणि लोखंडी टोकांवर गंज. डाव्या हाताला बांधायचा एक कातडी पट्टा होता, त्याचे बंद तुटलेले. शिवाय एक इंग्रजी पुस्तिका, जिची पहिली बारा पानं गायब होती. तरुणपणी आफ्रिकेत असताना तो या धनुष्याने हरणं मारायचा म्हणे.

पुण्यात झुरळ दिसलं तरी मी आईला हाक मारायचे. पण ते धनुष्य हातात धरलं मात्र, मला हसूच फुटलं. हे घरी आले तेव्हा मी दिवाणखान्यात, सोफ्याला पाय टेकून, धनुष्य वाकवायचा प्रयत्न करत होते.

"अगं, हे काय?"

"धरा ना एक टोक!"

पुस्तिकेतली दोरी चढवण्याची कृती नेमकी त्या हरवलेल्या बारा पानांत असावी. आम्ही दोघांनी आपापल्या अकलेने जोर लावला. धनुष्य वाकलं, दोरी जवळजवळ खाचेत बसली, आणि तेवढ्यात जुनी दोरी तटकन तुटून धनुष्याचं टोक यांच्या कानाजवळून गेलं. चष्मा उडून थेट सोफ्याखाली. हे जमिनीवर चाचपडत म्हणाले, "हे उद्याच्या उद्या घरातून गेलं पाहिजे." मी हसून हसून भिंतीला टेकले होते.

ते गेलं नाही. उलट ही गोष्ट बँकेच्या गाडीच्या ड्रायव्हरला कळली. तो वेंगुर्ल्याकडचा, चाळिशीचा, मिशाळ, मला वयनी म्हणायचा. दुसऱ्याच दिवशी यांना सोडायला आला आणि थेट वर चढला. धनुष्य उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला.

"वयनी, लाकूड जिता आसा. तेल पाजा तेका."

"तुम्ही कधी शिकार केलीय का, भाऊ?"

"माझो मामा रानडुकरा मारी. मी मागसून हाको घालूक जायचंय."

हाको घालणे म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवणे, हे मला नंतर कळलं. म्हणजे शिकारीतला त्याचा सगळा अनुभव ओरडण्याचा होता. पण त्या घरात तेव्हा त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नव्हता. मी लाकडाला आठवडाभर खोबरेल चोळलं. त्याने तो राहायचा त्या हूरा भागातल्या चांभाराकडून मेण लावलेला दोरा आणला आणि होडीचा दोर वळतात तसा पदरावर पदर घालून झकास दोरी वळली. पिसांसाठी मी कोंबडीवाल्याकडे गेले. त्याने हसत हसत पिशवीभर पिसं दिली. ती मी कातरून डिंकाने बाणांना चिकटवली. दिसायला बाण असे देखणे झाले की मी ते फुलदाणीत ठेवले होते.

आता ससे कुठून आले ते सांगते. दर शुक्रवारी ड्रायव्हर आम्हाला जनाबियाला घेऊन जायचा. तिथे एका म्हाताऱ्या बहारीनी शेतकऱ्याची खजुराची बाग होती आणि झाडांच्या सावलीत तो मुळे, पालक, कोथिंबीर आणि गुरांसाठी हिरवा चारा लावायचा. आम्ही त्याच्याकडून ताजी भाजी आणायचो. तरुणपणी तो खजुराच्या गलबतांवर मुंबईला जाऊन आला होता, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्या शुक्रवारी तो भलताच वैतागलेला होता. रानातले ससे येऊन त्याचा कोवळा चारा आणि मुळ्याचा पाला सफाचट करत होते.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही. अजिबात नाही."

"बाबा," मी म्हातारबुवांना म्हटलं, "मेरे पास तीर-कमान है."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी त्या दिवशी फुलाफुलांची साडी नेसले होते. मग ते असे हसले की त्यांचे उरलेले तिन्ही दात दिसले. "बीबी तीर मारेगा? यल्ला! लेके आओ!"

"पण पोलिसांनी विचारलं तर?" हे म्हणाले.

"मेरा खेत," म्हातारबुवा म्हणाले, आणि तो विषय तिथेच खलास झाला.

पुढच्या शुक्रवारी मी सलवार-कमीज घालून, केसांची घट्ट वेणी बांधून हजर. म्हातारबुवांनी गोणपाटात खजुराच्या सालीचा भुसा ठासून भरून एक पोतं उभं केलं होतं. वीस पावलांवरून मी पहिला बाण सोडला. तो निघाला सरळ, मग मध्येच शेपूट हलवत, माशासारखा वळवळत डावीकडे गेला आणि मुळ्यांच्या वाफ्यात घुसला. दुसरा उजवीकडे. तिसरा सापडायला अर्धा तास लागला. पुस्तिकेत शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की एका बाणाला लावायची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातली हवीत. मी डावी-उजवी सगळी सरमिसळ केली होती. घरी जाऊन सगळी पिसं सोलली आणि पुन्हा लावली. त्यानंतर बाण शहाण्यासारखे सरळ जाऊ लागले, आता फक्त मीच तेवढी वाकडी होते.

"कोपर खाली घेवा, वयनी! दम सोडू नुको!" ड्रायव्हर मागून ओरडायचा. म्हातारबुवा ओरडत नसत. ते जवळ येऊन माझ्या हनुवटीला बोट लावायचे आणि म्हणायचे, "हर बार हाथ इधर. मुंह के पास. हर बार." त्यांनी आयुष्यात धनुष्य धरलं नव्हतं, पण हात कुठे थांबवायचा ते त्यांना बरोबर कळलं होतं. तिसऱ्या शुक्रवारी पाचातले तीन बाण पोत्यात बसले. मी वाफ्यांमधून उड्या मारत गेले आणि पोत्याला मिठी मारली.

त्या पट्ट्याचे बंद मात्र मी दुरुस्त करून घेतले नव्हते. दर बाणाला दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सटकन बसायची. मनगटापासून कोपरापर्यंत हात जांभळा, हिरवा, पिवळा झाला होता. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या मराठी मंडळींतल्या वयाने मोठ्या एक काकू होत्या, त्यांच्याकडे. वाण घ्यायला मी दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्याजणी माझ्या डाव्या हाताकडे पाहू लागल्या. काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. मारतात का गं तुला?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा आमचे हे, चष्मा सावरत मला मारताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी जी हसत सुटले ती थांबेचना. "नाही हो काकू, मी ससे मारायला शिकतेय!" एवढंच कसंबसं बोलता आलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला पाठीवर थोपटलं आणि हलकेच बाहेर गेल्या. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय अशी त्यांची खात्रीच पटली होती. दुसऱ्या दिवशी त्या आणि काका आमच्या घरी आले. काकांनी यांना सोफ्यावर बसवलं आणि घसा खाकरून संसार म्हणजे काय यावर बोलायला सुरुवात केली. मी आतून धनुष्य आणून समोर धरलं तेव्हा कुठे यांची सुटका झाली. जाताना काकू हळूच म्हणाल्या, "मला एकदा ओढून बघू दे ना गं." त्यांनी ओढलंही, अगदी कानापर्यंत! काका पाहतच राहिले.

खऱ्या शिकारीची पहिली सकाळ वाया गेली ती माझ्या हसण्याने. ससे उजाडता उजाडता, कुंपणाच्या एकाच फटीतून येतात, हे म्हातारबुवांनी हेरून ठेवलं होतं. मी खजुराच्या बुंध्याला टेकून बसले, शेजारी ड्रायव्हर, मागे हे, मफलर गुंडाळून, थर्मास घेऊन. कडाक्याचा गारठा होता. फटीतून दोन लांब कान दिसले. ड्रायव्हर कुजबुजला, "इलो!" आणि ते इलो त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हटलं की माझ्या तोंडून फिस्स झालं. कान गेले.

दुसऱ्या शुक्रवारी हसू आवरलं आणि बाणही सोडला. ससा जागच्या जागी होता. बाण त्याच्या खूप वरून जाऊन म्हातारबुवांच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या अंगरख्यातून आरपार गेला आणि अंगरख्यासकट खजुराच्या झाडात रुतला. म्हातारबुवा बाहेर आले. झाडाला खिळलेला आपला अंगरखा त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "अच्छा है मैं अंदर नहीं था." ते भोक मी स्वतः रफू करून दिलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी ड्रायव्हरला आणि यांना विहिरीपलीकडे हाकललं. "बीबी अकेला बैठेगा," म्हणाले. मी एकटी बसले. वारा समुद्राकडून तोंडावर येत होता. बोटं गारठली होती म्हणून ती मी काखेत धरून ठेवली होती. उजेड हळूहळू राखाडीचा पिवळा झाला, आणि ससा आला. फटीतून आत, दोन उड्या, चाऱ्याच्या कडेला थांबला आणि मागच्या पायांवर उभा राहून त्याने हवा हुंगली. पंधरा पावलांवर. मी धनुष्य ओढलं. हात तोंडाजवळ आला, रोजच्या जागी. हसू आलं नाही, काहीच आलं नाही, फक्त तो ससा तेवढा दिसत होता. बोटं सुटली.

ससा एकदाच उंच उडाला आणि पडला.

"लागला! अहो, लागला! लागला!" मी ओरडत धावले. विहिरीकडून ड्रायव्हर त्याचा तो मामाकडे शिकलेला हाको घालत आला. हे मागून थर्माससकट. पण सशाजवळ पोचले आणि माझे पाय थांबले. त्याचा कान उन्हात गुलाबी, इतका पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. ऊबदार होतं. मला एकदम रडू कोसळलं. म्हातारबुवा शेजारी उकिडवे बसले. "एक तीर में गया," ते म्हणाले. "तकलीफ नहीं हुआ उसको. रो लो, फिर उठो."

मी रडले आणि उठले. मग प्रश्न पडला, हा खाणार कोण? म्हातारबुवा म्हणाले, आमच्यात ससा खात नाहीत. हे अंड्यापुढे कधी गेलेले नव्हते, मी तर अंड्यापर्यंतही नाही. चौघं एका सशाभोवती उभे, एकमेकांकडे पाहत. पहिल्यांदा म्हातारबुवांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. ड्रायव्हरने ससा उचलला आणि म्हणाला, "माज्या खोलयेर. दुपारी येवा."

त्याची खोली हूरात होती. आठ जण एकत्र राहायचे, सगळे कोकणातले: कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी हॉटेलात वाढपी. आम्ही गेलो तेव्हा सगळे धुतलेले शर्ट घालून बसले होते. वाटलेल्या खोबऱ्याचा, भाजलेल्या मसाल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. मला खाटेवर मधोमध बसवलं, जणू माझंच केळवण. ससा काही मोठा नव्हता. आठ माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आणि भाताभर रस्सा. त्यातला एक तुकडा ड्रायव्हरने माझ्या ताटात ठेवला.

"वयनी, तुमी मारलास. तुमी पयलो घास घेवचो."

आठही जण जेवायचे थांबले. मी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. मी डोळे मिटले आणि तो तुकडा तोंडात घातला. तिखट जाळ! नाकाडोळ्यांतून पाणी आलं, कान पेटले, चव काय होती ते आजही सांगता यायचं नाही. गिळला आणि म्हटलं, "अजून थोडा रस्सा घाला."

खोलीत जो गलका झाला त्याने शेजारचा पठाण काय झालं म्हणून दार वाजवायला आला.