संत्या उलट बोलेना तेव्हा

चिपळूणहून मॅच खेळून परत येत होतो... साल दोन हजारच्या आसपासचं. भाड्याची जीप, त्यात कॉलेजची अख्खी टीम कोंबलेली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी, त्यांचा फुटबॉलचा कोच. जिंकलो होतो, त्यामुळे मागे नुसता धुडगूस चालला होता.

आधी एक सांगतो. मी मुळात घाबरट माणूस. रत्नागिरीत मांडवीच्या वाळूत शाळेतल्या पोरांना शिकवायला लागलो तेव्हापासून मला एकच धास्ती... कुणाच्या लेकराला आपल्या हाताखाली काही झालं तर? पोरं माझ्यामागे मला 'जपून सर' म्हणायची. मला ते ठाऊक होतं, पण करणार काय, तोंडातून दुसरा शब्दच निघायचा नाही.

त्या दिवशी दुसऱ्या हाफमध्ये आमचा संत्या हेडर मारायला उडाला आणि डोक्यावर आपटला. आमच्याकडची मैदानं म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली जांभा दगड. धावत गेलो तर हा उठून कपडे झटकतोय. तरी मी त्याला बाहेर काढला, पाणी पाजलं, सावलीत बसवला. धड टेंगूळसुद्धा आलं नव्हतं.

जीप हायवेला लागली आणि संत्याने विचारलं, "सर, कोण जिंकलं?"

सगळे खो खो हसले. कारण संत्या म्हणजे आमच्यातला अव्वल टवाळ, त्याच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. तुम्ही एक बोला, तो दोन ऐकवणार. मी म्हटलं, जिंकलो रे बाबा, आपणच जिंकलो.

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मग काय, पोरांना चेवच आला. एकाने सांगितलं हरलो, दुसऱ्याने सांगितलं बॉल फुटला म्हणून मॅच रद्द झाली, तिसरा म्हणाला तूच आपल्या गोलमध्ये बॉल मारलास. आम्ही कोकणातली माणसं, मस्करीला मस्करीनेच उत्तर द्यायचं हे अंगात भिनलेलं. मीही हसत होतो.

आणि एकदम लक्षात आलं... संत्या प्रत्येक उत्तराला नुसतं "हो काय?" म्हणत होता. आपल्याच गोलमध्ये बॉल मारलास म्हटलं, त्यालासुद्धा! उलट एक शब्द नाही.

मी मागे वळून त्याला मुद्दाम डिवचलं. म्हटलं, संत्या, तुझ्यापेक्षा माझी म्हातारी आत्या बरी खेळते. तो माझ्याकडे बघून गोड हसला आणि पुन्हा विचारलंन, कोण जिंकलं.

मी पोरांना दटावून गप्प केलं, तर त्यांना वाटलं सरांचं नेहमीचं सुरू झालं.

संत्याचा गाव संगमेश्वरच्या पुढे, हायवेपासून आत. त्याला आम्ही फाट्यावर सोडायचो आणि अंधारायला लागलेलं असलं की त्याची आई बॅटरी घेऊन उभी असायची. त्या दिवशीही होती. मी खाली उतरून सांगितलं की डोक्याला लागलंय, डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी सोडणार नाही.

ती माऊली घाबरली, आणि घाबरली म्हणून चिडली. चांगला चालता-बोलता पोरगा, कुणाची तरी दृष्ट लागली असेल, मीठ-मिरच्या उतरवून टाकते, जेवून झोपला की सकाळी टुणटुणीत... असं तिचं चाललं होतं. संत्याही उतरायला लागला. झोप येतेय म्हणाला.

आता खरं सांगतो, क्षणभर वाटलं जाऊ दे. काही निघालं नाही तर पंचक्रोशीत हसं होईल आणि ही बाई पुन्हा पोराला मैदानावर पाठवणार नाही. पण झोप हा शब्द ऐकला आणि माझा धीरच सुटला. त्याची कॉलर धरली ती सोडलीच नाही.

"आई, तुम्हीपण बसा गाडीत," मी म्हटलं. "पण ह्याला आज मी झोपू देणार नाही."

माझा आवाज इतका कापत होता की ती मुकाट्याने चढून बसली. रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या आधीच संत्याला उलटी झाली आणि त्याने प्रश्न विचारणंच बंद केलं... मगाशी टवाळी करणारी पोरं त्याला गदागदा हलवून सांगत होती, अरे विचार ना, कोण जिंकलं विचार ना! मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालत होतो. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

डोक्यात आतल्या आत रक्त साकळत होतं. रत्नागिरीहून त्याला तसाच कोल्हापूरला नेला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरी झोपला असता तर उठला नसता.

दोन दिवसांनी संत्या नीट शुद्धीवर आला आणि मला बघून असं काही खवचट बोलला की इथे लिहिता येणार नाही. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन ढसाढसा रडलो.

पण मी ठरवून टाकलं होतं, बास. हे काम आपल्या काळजाला झेपणारं नाही. तेवढ्यात त्याचे वडील मुंबईहून येऊन पोचले. तिकडे वॉचमनची नोकरी, अंगावर अजून ड्युटीचीच पँट. मी उठून उभा राहिलो... म्हटलं, मारतील तर मारू देत.

ते माझ्या शेजारी बाकावर बसले.

"सर, मी वर्षातनं दोनदा गावी येतो, गणपतीला नि शिमग्याला," ते म्हणाले. "माझा पोरगा मस्करी कधी करतो नि कधी न्हाय, मला कळत न्हाय. तुम्हाला कळलं. फाट्यावर मी असतो, तर घरी नेऊन निजवला असता त्याला."

मी त्यांचे हात धरून बसलो.

पुढच्या सोमवारी मैदानावर गेलो. तोंडाला कोरड पडली होती, शिट्टी धड वाजेना... पण गेलो. त्या माणसामुळे गेलो.