टेल व्हेइकलचं मागचं चाक

उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या एका ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. गाव सणसर, तालुका इंदापूर. पद आधीच सांगतो, कारण आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात. मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गोळी झाडली ती फक्त फायरिंग रेंजवर. बाकी नोकरी गाड्या, डिझेल आणि टायर यांत गेली. शाळेत शौर्यावर बोलायला बोलावतात तेव्हा मी टायरवर बोलतो. दुसऱ्यांदा सहसा बोलावत नाहीत.

प्लाटूनमध्ये नाईक रफिक मुलाणी होता. शेळगावचा. घरापासून इतक्या लांब शेळगाव आणि सणसर म्हणजे एकच आळी. परेडवर तो मला हवालदार म्हणायचा, एरवी दादा. त्याच्या वडिलांचं, हुसेनआबांचं, रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. उसाचा हंगाम सुरू झाला की तिथं टायरगाड्यांची रांग लागे. बैल ओढतात ती गाडी, पण चाकं रबरी. अशा गाडीला नवं टायर कुणी घालत नाही. उसाच्या बुडख्यानं टायरची बाजू फाटली, की जुन्या टायरचा तुकडा कापायचा आणि तो आतून, चीर आणि ट्यूब यांच्या मधे बसवायचा. त्याला गेटर म्हणतात. निम्म्या तालुक्याचा ऊस आबांच्या गेटरवर कारखान्याला पोचतो, असा रफिकचा दावा होता.

नवीन ड्रायव्हरांचा वर्ग मी घ्यायचो. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथं खिळा घुसला तर पंक्चर काढा. बाजूला खोल चीर गेली, फुगा आला किंवा आतले धागे दिसले, तर टायर बदला. बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, तिथं ठिगळाचा भरवसा नसतो. नियम एवढाच. सोपा आहे म्हणूनच बहुधा कुणी पाळत नाही.

रफिक मागून म्हणायचा, "आमच्या आबाचं गेटर बघा एकदा. आख्खा हंगाम काढतं."

"बैलाचा स्पीड किती रे?"

"बैलाला इचारून सांगतो."

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी टायरांना काळं पॉलिश लावायची प्रथा होती. पॉलिश केलेलं टायर लांबून फार कर्तबगार दिसतं. रफिक सगळ्यांबरोबर पॉलिश लावायचा आणि नंतर गुपचूप प्रत्येक टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवायचा. चीर पॉलिशनं झाकते, पण अंगठ्याला लागते.

त्या दिवशी आमचा कॉन्व्हॉय रिकामा खाली उतरत होता. सगळ्यात मागे टेल व्हेइकल, म्हणजे रफिकची गाडी, आणि शेजारी मी. टेल व्हेइकलचं काम एकच: पुढच्याला जे कमी पडेल ते देणं. सकाळीच आम्ही आमची स्टेपनी पुढच्या एका गाडीला देऊन बसलो होतो. आमच्या पुढे अ‍ॅम्ब्युलन्स होती. वरच्या वस्तीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. मूल आडवं होतं. ऑपरेशनची सोय खालच्या हॉस्पिटलात.

रस्त्याचा एक पट्टा दगड सुटण्याबद्दल बदनाम होता. ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होतो आणि दगड खाली येतात. त्यामुळे तो पट्टा सकाळीच ओलांडायचा अशी स्टँडिंग ऑर्डर होती. नेमकं तिथंच अ‍ॅम्ब्युलन्सचं पुढचं चाक धारदार खडकाला घासलं. बाजू हातभर फाटली. तिच्या स्टेपनीला फुगा आलेला. बाकीचा कॉन्व्हॉय वळणापलीकडे निघून गेला होता.

मी रेडिओवर कॉन्व्हॉयच्या पुढे असलेल्या कॅप्टन साहेबांना कळवलं.

"अ‍ॅम्ब्युलन्स डाऊन. फ्रंट टायर, साइडवॉल कट. ओव्हर."

"रिपेअर की रिप्लेस? ओव्हर."

"पाहतो. वेट, आउट."

खरी वाट पाहत होती ती आत झोपलेली बाई. ती ओरडत नव्हती. तिची सासू आमच्याकडे बघत होती.

रफिकनं चिरेवरून अंगठा फिरवला.

मी म्हणालो, "गेटर बसेल?"

"बसंल."

"मग मार."

"दादा, गेटर उसाला ठीक हाय. ह्या बाईला न्हाय. वळणावर ट्यूब फुटली म्हंजी?" त्यानं आमच्या गाडीकडे मान वळवली. "आपलं मागचं चाक काढू. मापाचंच हाय."

दोन्ही गाड्यांचा सांगाडा एकच होता. आम्ही आमची गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक काढलं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला पुढे चढवलं. ड्रायव्हर स्टार्टर मारता मारता म्हणाला, "उस्ताद, आप लोग?"

रफिक म्हणाला, "हमारा गन्ने का गाडी है. तू निकल."

अ‍ॅम्ब्युलन्स वळणाआड गेली. मी रिपोर्ट दिला.

"रिप्लेस्ड. अ‍ॅम्ब्युलन्स मूव्हिंग. टेल व्हेइकल एका चाकानं कमी. ओव्हर."

"रस्ता ब्लॉक आहे? ओव्हर."

"होय साहेब. ओव्हर."

दुपारी खालून रेशनचा कॉन्व्हॉय वर येणार होता आणि रस्ता एकेरी. थोड्या अंतरावर गाडी बाजूला घेण्याइतकी जागा होती, ती मी साहेबांना सांगितली.

"गाडी तिथवर घ्या. मग चालत या. ओव्हर."

रफिकनं फाटलेलं टायर रिमवरून उतरवलं, जुन्या टायरचा तुकडा कापून आत बसवला, ट्यूब घातली, हवा भरली. काम करताना तो शिट्टी वाजवत होता. चाक मागे चढवलं. पुढच्या चाकाला गेटर लावायचं नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. नियमाप्रमाणे मी गाडीपुढे चालत हातानं दिशा देत होतो. तो बैलाच्या चालीनं मागून येत होता.

आधी बारीक खडे आले. मी वळून थांबायचा हात केला. मोठा दगड थेट केबिनवर आला.

मी पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं आणि त्याचा पाय ब्रेकवर होता. हँडब्रेकही ओढलेला होता. तो कधी ओढला असेल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. गाडी घसरली असती तर माझ्याच अंगावर आली असती.

मी शवपेटीबरोबर शेळगावला आलो. गर्दी मोठी होती. फ्लेक्सवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो रफिकच्या फोटोपेक्षा मोठे होते. एका वक्त्यानं त्याला शत्रूशी समोरासमोर लढवलं. दुसऱ्यानं टायर फोडून गाडी दरीत घातली. मी युनिफॉर्ममध्ये होतो, म्हणून गप्प राहिलो. लोक रडत होते आणि ते रडणं मात्र खरं होतं. शेळगावात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत.

दफन झालं, माणसं पांगली. हुसेनआबा माझ्याजवळ येऊन बसले. मी त्यांना घडलं तसं सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, "ती बाई सुटली का?"

"सुटली, आबा. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी मान हलवली. "आन् गेटर?"

"टिकलं."

"टिकनारच," ते म्हणाले, आणि तेव्हा रडले.

दुकान आजही चालू आहे. मी अधूनमधून तिथं जाऊन बसतो. मध्यंतरी एक तरुण पांढरी मोटार घेऊन आला. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा कोपरा लागून टायरची बाजू चिरली होती आणि धागे बाहेर आले होते.

"आबा, ट्यूब घाला आन् गेटर मारा पटकन. बारामतीत सत्कार हाय."

"कुनाचा?"

"माझाच."

आबांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "नवं टाक."

"अवो, बारामतीपर्यंत तरी जाऊ द्या. स्टेपनी बी बसलीया. टायरगाडीला मारताच की तुमी!"

"टायरगाडी बैलाच्या चालीनं जाती."

"मी बी हळू जातो."

"सत्काराला कोन हळू जातंय?"

मी हसलो. तरुण माझ्याकडे वळला. "मेजर, तुमी तरी सांगा ह्यास्नी. गाडीत बायको न्हाय, पोरं न्हाईत. एकटाच तर हाय मी."

आबांनी हातातला पाना खाली ठेवला.

"तरी बी नवं टाक," ते म्हणाले. "तुझा बी बाप असंल की घरी."