बटणाखालचं जुनं रबर

वस्तू जेवढी बिघडलीय तेवढीच दुरुस्त करायची, हे मिस्त्रीला उभ्या जन्मात जमलं नाही. रेडिओ आणा, पंखा आणा, मिक्सर आणा. वायर तुटली म्हणून आणलेल्या वस्तूचं बटणही हा बदलणार, स्क्रू आवळणार, आतली धूळ पुसणार आणि गिऱ्हाइकाला चकार शब्द सांगणार नाही. बायको म्हणायची, "अहो, पण तुम्हाला विचारलं कोणी?" तर म्हणे, हात शिवशिवतात. जित्याची खोड, दुसरं काय!

आणखी एक खोड होती. काढलेला भाग तो कधी फेकायचा नाही. चिठ्ठीवर तारीख आणि वस्तूचं नाव लिहायचं, ती भागाला बांधायची आणि भाग डब्यात टाकायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर असे साठेक डबे होते. त्यातल्या सगळ्यात वरच्या डब्याला त्याने बावीस वर्षांत हात लावला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. मिस्त्रीचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एके काळी हिप हॉप करायचा. तिघं मित्र होते. 'तीन तिघाडा, काम बिघाडा' असं गल्लीतली माणसं म्हणायची, म्हणून या पठ्ठ्यांनी ग्रूपचं नावच ठेवलं 'तिघाडा'. रॅप करायचा तो तोफ. शब्द लिहायचा तो मास्तर, आता तो खरोखरच शाळेत शिकवतो. आणि मेहुण्याला सगळे ठोक्या म्हणायचे, कारण ड्रम मशीन त्याच्या हातात असायचं. मशीन म्हणजे सोळा रबरी बटणांची एक पेटी. एक दाबलं की ढोलासारखा 'ढप्प', दुसरं दाबलं की टाळीसारखा 'चट्ट'.

तिघाड्याचे पहिले दोन अल्बम लोकांनी डोक्यावर घेतले. त्यातला ढप्प केसभर उशिरा पडायचा. जिना उतरताना माणूस शेवटच्या पायरीवर जरा रेंगाळतो, तसा. ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जायची. अनेकांनी नक्कल करून पाहिली, कोणाला साधली नाही.

मग एकदा मशीनची वायर सुटली आणि ठोक्या ते भावोजींकडे टाकून गेला. मिस्त्रीच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. मेहुण्याचं काम, म्हणजे घरचं काम. त्याने मशीन उघडलं, वायर जोडली, आणि बघतो तर ढप्पच्या बटणाखालचं रबर झिजून पापुद्रा झालेलं. बटण खोल दाबल्याशिवाय आवाजच निघत नव्हता. झालं! याने रबर बदललं. कोणाला बोलला नाही.

तिसरा अल्बम आला तो कवायतीसारखा. ढप्प अगदी वेळेवर. मान कोणाचीच हलेना. तोफ ठोक्यावर घसरला, "तुझ्या हातातला जीवच गेला." ठोक्या म्हणाला, मशीन वेगळं लागतंय. त्यावर तोफ म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." आता अंगण वाकडं नव्हतं, ते मिस्त्रीने सरळ केलं होतं, एवढाच काय तो घोळ. ठोक्या दुकानात आला आणि त्याने सरळ विचारलं, "भावोजी, मशीनमध्ये आणखी काही केलंत का?"

मिस्त्रीने तो अल्बम ऐकला होता. कान तयार असलेला माणूस, ढप्पचं ते रेंगाळणं झिजलेल्या रबरामुळेच होतं, हे पहिल्याच गाण्यात त्याला कळलं होतं. पण नवं लग्न, नवी सासुरवाडी. तो म्हणाला, "वायर जोडली फक्त."

मग त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. तिघाडा मोडला. ठोक्या बसवर ड्रायव्हर लागला. दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा, हसायचा, पण गाण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचा. मिस्त्री माणूस वाईट नाही हो. रोज रात्री ठरवायचा, उद्या सांगू. अशी बावीस वर्षं गेली.

आणि मागच्या महिन्यात तोफ आणि मास्तर दुकानात हजर. तोफेचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. त्याने काउंटरवर तेच मशीन ठेवलं.

"नवा अल्बम करतोय," तो म्हणाला. "अगदी पहिल्यासारखा आवाज पाहिजे. कॉम्प्युटरवर सगळं करून झालं, तो ढप्प काही येत नाही. म्हणून ग्रूप मोडल्यापासून माझ्या माळ्यावर पडलेलं हे काढलं. जरा साफसूफ करून दे."

"वाजवणार कोण?" मिस्त्रीने विचारलं.

"दुसरा एक बघितलाय. ठोक्याचं नाव काढू नकोस. त्याचा हात तेव्हाच गेला."

मास्तर खाली बघत राहिला. दोघं गेले, तरी मिस्त्री कितीतरी वेळ मशीनसमोर बसून होता. काम दहा मिनिटांचं होतं. वरचा डबा काढायचा, जुनं रबर बसवायचं, मशीन परत द्यायचं. ढप्प परत येईल, अल्बम होईल, कोणाला काही कळायचं नाही. पण मग दुसऱ्याच्या हातून तो ढप्प वाजेल आणि ठोक्याचा हात गेला होता, यावर कायमचं शिक्कामोर्तब होईल. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो स्टुलावर चढला.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"माझ्या लग्नातसुद्धा त्याने ते मशीन वाजवलं होतं," ती म्हणाली. "मला कशाला सांगताय? त्याला जाऊन सांगा."

डेपोत ठोक्या बसच्या पायरीवर बसून चहा पीत होता. मिस्त्रीने डबा उघडून रबर त्याच्या हातावर ठेवलं. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण अक्षर मिस्त्रीचंच होतं. ठोक्याने तारीख वाचली. मग रबर अंगठ्याने दाबून पाहिलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, भावोजी."

"विचारलं होतंस."

"सिग्नलला गाडी थांबली ना, की मी स्टिअरिंगवर बोटं वाजवून बघतो. बावीस वर्षं. माझं नक्की कुठे चुकत होतं ते शोधतोय."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. माफी मागायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात ठोक्या उठला. "हे तोफेसमोर सांगा," एवढंच म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

मिस्त्रीने सांगितलं. स्टुडिओत, सगळ्यांसमोर, एकही शब्द न गाळता. तोफ ऐकून घेत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं, कारण शिव्या तर त्याने घातल्या होत्या. मिस्त्रीने सवयीने स्क्रू ड्रायव्हर काढला, तसं ठोक्याने मशीन स्वतःकडे ओढलं. "राहू दे, मी बसवतो." त्याने रबर बसवलं, बोटं मोडली आणि वाजवायला लागला. ढप्प रेंगाळत, रेंगाळत खाली आला. मास्तरची मान हलली. तोफ भिंतीकडे तोंड करून उभा होता. थोड्या वेळाने तो येऊन ठोक्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "माझं चुकलं रे." ठोक्याने वाजवणं थांबवलं नाही.

अल्बम तिघांनी मिळून केला. रोज ड्युटी संपली की ठोक्या स्टुडिओत जायचा. रविवारी मात्र तो बहिणीकडे येईना. एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले. बायको त्याचं ताट मांडायची आणि उचलून ठेवायची. मिस्त्रीला एक शब्द बोलायची नाही, आणि त्याला तेच जास्त लागायचं.

चौथ्या रविवारी दार वाजलं. ठोक्या टेबलफॅन काखेत मारून उभा होता.

"आवाज करतोय," तो म्हणाला. "तेवढा बंद करा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मिस्त्रीने पंखा तिथेच जमिनीवर घेतला, उघडला, तेल दिलं. आवाज बंद झाला. मागचं झाकण लावताना त्याचा हात थांबला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"आत एक स्क्रू ढिला आहे," मिस्त्री म्हणाला. "आवळू का?"

ठोक्या जेवायला बसत होता. "आता विचारलंत ना," तो म्हणाला, "मग आवळा."